रक्ताचा सातबारा

सातबाराचा उतारा तुम्ही कसा जपता, हे मी पाहिलेले आहे. घरात एक पत्र्याची पेटी असते, तिच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले कागद असतात. कुणाच्या नावावर किती क्षेत्र, इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा किती, हे शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही पाठ असते. जमीन जिवापाड, म्हणून तिचा कागदही जिवापाड.

आज तुम्हाला अशाच दुसऱ्या एका कागदाविषयी सांगायचे आहे. तो जमिनीचा नाही, जिवाचा आहे. विषय एच.आय.व्ही.चा आहे. नाव वाचून पान उलटू नका. घरात लेकीसुना बसल्या आहेत म्हणून अंक मिटूही नका, त्यांच्यादेखतच वाचा. कारण या आजाराने ज्यांना गाठले, त्यांत घराचा उंबरठाही न ओलांडलेल्या लेकीसुना पुष्कळ होत्या.

मी मुंबईत प्रभादेवीला राहते. आज येथे सिद्धिविनायकाची रांग आणि आभाळाला टेकलेले टॉवर दिसतात. पण आमच्या वेळी हा गिरणीचा भाग होता. भोंग्यावर घड्याळ लावायचे आणि पाळीवर जेवायचे. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण येथून आलेली माणसे एकेका खोलीत दहा-दहा जण राहात. बायको गावाकडे, शेत गावाकडे, आणि हा येथे वळकटीवर. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे कितीतरी गिरण्या बंदच राहिल्या. माझा धाकटा दीर त्यातलाच एक. गिरणी गेली, तेव्हा तो मालट्रकवर क्लीनर म्हणून लागला, नंतर ड्रायव्हर झाला. 1989 साली त्याचे लग्न झाले. 1998 साली तो गेला. आधी दोन वर्षे खोकला, जुलाब, तोंडात पांढरा चट्टा आणि दिवसेंदिवस उतरत जाणारे अंग. त्याला मी दोष देत नाही. पोटासाठी महिना-महिना घराबाहेर राहणाऱ्या माणसाला कोणी कधी चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या होत्या?

तो गेल्यावर माझ्या जावेची तपासणी झाली. तिचे नाव येथे लिहीत नाही. पण हे सारे लिहायला तिची परवानगी आहे. 'अक्का, लिवा. कुणाचं तरी भलं हुईल,' असे ती म्हणाली. तपासणीत ती पॉझिटिव्ह निघाली. सात वर्षांचा मुलगा मात्र सुखरूप निघाला. पॉझिटिव्ह हा एक शब्द गावात पोहोचला आणि सगळ्यांनी तिचा हिशेब उरकून टाकला. गोठ्याच्या कडेला तिला कोपरा मिळाला. ताट वेगळे, तांब्या वेगळा. नवऱ्यामागे वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचे आणि मुलाचे नाव लागले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. 'आज आहे, उद्या नाही. कशाला नाव अडकवायचे?' असा त्यांचा सवाल. आमचे हे त्या वेळी गावी गेले आणि त्यांनी तो कागद होऊ दिला नाही. पण 'किती दिवस?' या प्रश्नाला त्यांच्यापाशीही उत्तर नव्हते.

येथेच नीट समजून घ्यायला हवे. पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात शिरला आहे, इतकेच. किती शिरला, त्याने किती नासधूस केली, माणूस किती दिवस उभा राहील, यातले काहीही तो शब्द सांगत नाही. शेतात कीड दिसली म्हणजे पीक गेले असे तुम्ही म्हणता का? किती झाडांवर दिसली, पानावर आहे की बोंडात शिरली, हे पाहता आणि मग फवारणीचे ठरवता. माणसाच्या बाबतीत मात्र आपण कीड दिसताच नांगर घालायला निघतो.

ती मोजदाद कशी करतात, ते आता सांगते.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणे हे त्यांचे काम. त्यांच्यात सी.डी.फोर नावाची एक जात आहे. जुन्या काळी गावात जागल्या असे, तशीच ही पेशी. चोर दिसला की ती हाळी देते आणि बाकीच्यांना गोळा करते. एच.आय.व्ही. नेमका या जागल्याच्याच अंगात शिरतो, तेथे आपली पिलावळ वाढवतो आणि त्यालाच संपवतो. जागल्या संपले की क्षय, फुप्फुसाचा दाह, तोंडातली बुरशी, मेंदूचा ताप असे एरवी दूर राहणारे चोर मोकळे रान पाहून आत शिरतात. माणसाचा जीव शेवटी हे रोग घेतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. एच.आय.व्ही. आणि एड्स एकच नव्हेत. औषध घेतले नाही, तर पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला साधारण आठ-दहा वर्षे लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. तेवढ्या काळात माणूस धडधाकट दिसतो. म्हणूनच चेहरा पाहून काही कळत नाही. रक्तच पाहावे लागते.

सी.डी.फोर पेशी एक घन मिलिमीटर रक्तात मोजतात. म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंब. निरोगी माणसात तेवढ्यात साधारण 500 ते 1500 पेशी सापडतात. औषध नसेल, तर दरवर्षी त्यातल्या पन्नास-शंभर कमी होत जातात. 200 च्या खाली आकडा गेला, की दार उघडे पडले असे समजायचे.

मोजतात कसे? धनगर मेंढरे कसे मोजतो, ते आठवा. वाड्याच्या अरुंद तोंडातून एकेक मेंढरू सोडतो आणि अंगावरच्या रंगाच्या खुणेवरून आपले कोणते ते ओळखतो. यंत्रही तसेच करते. रक्तातल्या सी.डी.फोर पेशींना आधी चमकणारा रंग चिकटवतात, मग बारीक नळीतून पेशी एकामागे एक सोडतात आणि त्यांच्यावर लेसरचा झोत टाकतात. रंगाची चमक दिसली की एक मोजली. या यंत्राला फ्लो सायटोमीटर म्हणतात. यासाठी पेशी ताज्या लागतात, गोठवून चालत नाही. दूध जसे वेळेत डेअरीला गेले पाहिजे, तसा हा नमुना वेळेत प्रयोगशाळेत गेला पाहिजे. त्या काळी ही यंत्रे मोठ्या शहरांतच असत. म्हणून खेड्यातल्या माणसाला त्या थेंबभर रक्तासाठी एस.टी.ने मुंबई-पुणे गाठावे लागे.

यंत्र नसेल तेथे डॉक्टर अंदाजाने चालत. वजन किती उतरले, तोंडात चट्टे आहेत का, पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट एकूण किती, हे पाहात. त्या 1200 च्या खाली गेल्या तर औषध लावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही गरीब देशांना सांगत असे. 1980 च्या दशकात शास्त्रज्ञांनी रक्तातल्या आणखी बऱ्याच खुणा धुंडाळल्या. पी-24, निओप्टेरिन, बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन अशी त्यांची नावे. आज रुग्णाच्या रोजच्या देखरेखीत त्यांना जागा उरलेली नाही.

दुसरा मोठा आकडा 1996 साली पुढे आला. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे डॉ. जॉन मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्ताचे जुने साठवलेले नमुने काढले, त्यात मुळात विषाणू किती होते ते मोजले आणि पुढच्या दहा-एक वर्षांत त्या माणसांचे काय झाले याच्याशी ताडून पाहिले. ज्यांच्या रक्तात विषाणू जास्त, ते लवकर खचले. ज्यांच्या रक्तात कमी, ते टिकले. या मोजणीला व्हायरल लोड म्हणतात. लोड म्हणजे बोजाच. एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती, ते त्यात लिहिलेले असते. कुणाच्या कागदावर काही हजार, कुणाच्या कागदावर काही लाख.

आता हे दोन आकडे कशाला, असे तुम्ही विचाराल. विहिरीवर चला. विहिरीत आज पाणी किती, हे पाहून उन्हाळा निघेल की नाही ते कळते का? उपसा किती चालला आहे, हेही पाहावे लागते. सी.डी.फोर म्हणजे विहिरीतली पाण्याची पातळी. व्हायरल लोड म्हणजे उपसा. पाणी भरपूर पण वर मोठी मोटार अखंड चालू, तर ती विहीर पुढे कोरडी पडणार. पाणी तळाला गेलेले पण मोटार बंद, तर झरे हळूहळू तिला भरून काढतात. औषधाचे काम काय? मोटार बंद करायची. पाणी झऱ्यांनीच भरायचे असते, आणि त्याला वेळ लागतो.

1996 च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली आणि ही मोटार खरोखर बंद पडू लागली. पण तेव्हा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आमच्या दिराच्या डोळ्यांसमोर औषध जगात होते, पण हाताच्या आत नव्हते. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्याच सिप्ला कंपनीने, डॉ. युसुफ हमीद यांच्या पुढाकाराने, तीच तीन औषधे वर्षाला 350 डॉलरला देऊ केली आणि जगभरच्या गरिबांसाठी वाट मोकळी झाली. 1 एप्रिल 2004 पासून आपल्या सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते.

त्या वर्षी पेरण्या उरकल्यावर मी जावेला प्रभादेवीला आणले. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा, ज्याला आता प्रभादेवी म्हणतात, पूल ओलांडून परळला गाडी धरायची आणि भायखळ्याला उतरून जे. जे.ला चालत जायचे. पुलाच्या पायऱ्यांवर ती तीनदा बसली. रक्त दिले. आकडा आला 96. ती मला म्हणाली, 'अक्का, माझं किती दिस राह्यलं तेवढं इचारा. पोरगं तेरा वर्साचं हाय.' डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, 'मावशी, हा आकडा किती दिवस राहिले ते सांगत नाही. कुठून सुरुवात करायची ते सांगतो.' ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

आधी क्षय नाही ना ते पाहिले. बाकीचे रोग आत येऊ नयेत म्हणून कोट्रायमॉक्साझोलची गोळी चालू केली. मग तीन औषधे. सहा महिन्यांनी आकडा 178 झाला, वर्षाने 264. चार वर्षांनी तो चारशेच्या पुढे गेला. प्रत्येक कागद मी तारखेप्रमाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत लावला. त्या पिशवीला तीच 'माझा सातबारा' म्हणू लागली.

मध्ये एकदा आकडा 470 वरून 390 वर आला. तिने रात्रभर डोळा लावला नाही. डॉक्टरांनी विचारले, 'ताप होता का?' होता. मग ते म्हणाले, महिन्याने पुन्हा पाहू. पुन्हा पाहिले तर 480. ही गोष्ट ध्यानात ठेवा. सी.डी.फोरचा आकडा सकाळ-संध्याकाळीही थोडा वेगळा येतो. ताप, सर्दी, गरोदरपण यांनी तो हलतो. पाच वर्षांखालच्या मुलांत तर मोठ्यांचे आकडे लावतच नाहीत, तेथे टक्केवारी पाहतात. एका दिवसाच्या बाजारभावावरून वर्षाचा हिशेब करू नये, तसे एका कागदावरून मन खचू देऊ नये. चार कागद शेजारी ठेवले की चढ आहे की उतार, ते कळते.

औषधांचाही ताळा रक्तातूनच घ्यावा लागतो. पहिल्या औषधांत स्टॅव्ह्युडिन होते. त्याने तिच्या पायांची आग होई, म्हणून ते बदलले. झिडोव्ह्युडिनने रक्त कमी होऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिन पाहतात. टेनोफोव्हिर असेल तर मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन पाहतात. यकृताची, साखरेची तपासणीही अधूनमधून असते. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तिन्ही औषधे एकाच गोळीत मिळतात. ती रोज रात्री जेवणानंतर एक गोळी घेते, बस्स.

एक काळ असा होता की सी.डी.फोर 200 च्या खाली आल्याशिवाय सरकारी औषध सुरू होत नसे. पुढे ही मर्यादा 350 झाली, मग 500. 2017 पासून आकडा कितीही असो, पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला लगेच औषध देतात. विहीर आटायची वाट पाहायची नाही, हे उशिरा का होईना सगळ्यांना पटले. फेब्रुवारी 2018 पासून औषध घेणाऱ्या सर्वांसाठी व्हायरल लोडची मोफत तपासणीही सुरू झाली. आपल्याकडे हा आकडा 1000 च्या खाली असला, की औषध नीट चालले आहे असे धरतात. त्या वर्षी जावेच्या कागदावर आकडाच नव्हता. विषाणू सापडला नाही, असे लिहून आले. तिने मला फोन करून विचारले, 'म्हंजी बोजा उतरला?'

उतरला आणि नाहीही. रक्तात मोजण्याजोगा विषाणू नाही, पण शरीराच्या कोपऱ्यात तो दडलेला असतो. गोळी सोडली की तो पुन्हा उठतो. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करणारी माणसे मला ठाऊक आहेत. त्याहून घातक म्हणजे दोन दिवस घ्यायची, चार दिवस सोडायची. अर्धवट मात्रेत तेच औषध फवारत राहिले की बोंडअळी त्याला पचवायला शिकते, हे तुम्हाला मी काय सांगावे! विषाणूही तसाच शिकतो आणि मग ते औषध त्याच्यावर चालत नाही. माणसाचे वजन उतरण्याच्या पुष्कळ आधी व्हायरल लोड ही चोरी पकडून देतो. म्हणून वर्षाची ती तपासणी चुकवू नका.

कुणी बुवा, वैदू जडीबुटीने मुळासकट बरे करतो म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. एवढेच म्हणा, तुम्ही बरे केलेल्याचा औषधाआधीचा आणि नंतरचा व्हायरल लोडचा कागद दाखवा. तो दाखवणार नाही.

या आकड्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. नियमित औषधाने ज्याच्या रक्तात विषाणू सापडतच नाही, त्याच्यापासून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. युरोपात शेकडो जोडप्यांना वर्षानुवर्षे पारखून हे सिद्ध झाले. गरोदर बाईने वेळीच तपासणी केली आणि औषध घेतले, तर बाळ बहुधा सुखरूप जन्मते. काहीच केले नाही, तर शंभरात 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. नीट उपचारांनी ती पाचाच्या खाली आणता येते. आणि एक ध्यानात घ्या: दीड वर्षाच्या आतील बाळाची साधी तपासणी पॉझिटिव्ह आली तर छाती बडवू नका. आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये बाळात उतरलेली असतात, म्हणून तसे दिसते. अशा बाळासाठी सहा आठवड्यांचे झाल्यावर वेगळी तपासणी असते, ती विषाणूच शोधते.

आता गावकीबद्दल थोडे. वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय आहे. ते पाहिले की मला वाटते, एके काळी महारोग्याला वेशीबाहेर घालणारे आपणच, आणि आता हा दुसरा रोग आपल्याला तोच धडा पुन्हा देत आहे. एका ताटात जेवल्याने, एका पाणवठ्यावर पाणी भरल्याने, डासाने, शिंकेने एच.आय.व्ही. पसरत नाही. एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याप्रमाणे संमतीवाचून तपासणी करता येत नाही, दुसऱ्याचा अहवाल गावभर करता येत नाही, नोकरी, शाळा, दवाखाना यांत भेदभाव करता येत नाही, आणि बाईला किंवा लहान मुलाला या कारणावरून राहत्या घरातून हाकलता येत नाही. 1998 साली हा कायदा असता तर माझ्या जावेच्या हातात काही तरी असते.

आज तिचे कागद साताऱ्याच्या सरकारी केंद्रात आहेत. मुंबईचा हेलपाटा संपला. सातबाऱ्यावर तिचे नाव आहे. मुलगा सोयाबीन आणि ऊस पाहतो, त्याचे लग्न झाले, नात अंगणवाडीत जाते. ज्यांनी हक्कसोडपत्र पुढे केले होते, त्यांच्यातल्या दोघांची आजारपणे तिनेच काढली.

तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणी असे असेल, तर चार गोष्टी करा. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी आणि सल्ला मिळतो, तेथे न्या. पॉझिटिव्ह निघाल्यास त्याच महिन्यात ए.आर.टी. केंद्रात नाव घाला. प्रत्येक कागद तारखेप्रमाणे जपून ठेवा आणि डॉक्टरांना 'लोड किती?' असे तोंड उघडून विचारा. कुणाला विचारायचा संकोच वाटला, तर 1097 या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. नाव सांगावे लागत नाही.

आणि कुणी कुणाच्या आयुष्याचा हिशेब एका शब्दावर उरकू लागला, तर त्याला शांतपणे म्हणा, थांबा, आधी आकडा पाहू.